कामसीचा तिसरा उन्हाळा

जानेवारीत हॉस्पिटलातून फोन आला तो अनीशला. मोरेश्वरला कळलं ते अनीशची गाडी बघून. कामाच्या दिवशी भरदुपारी अनीश कधी शिकागोजवळच्या नेपरव्हिलहून शेतावर येत नसे. मोरेश्वर घराच्या पायऱ्यांवर मीठ टाकत होता. रात्रीचा बर्फ गोठून पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या. अनीश गाडीतून उतरला. अंगात ऑफिसच्या व्हिडिओ कॉलचा इस्त्रीचा शर्ट, खाली घरातला पायजमा आणि पायात सपाता. त्या बर्फात सपाता.

"बाबा, आत चला."

"इथंच बोल."

"आत चला ना."

"बोल म्हणतो ना."

"आई गेली."

मोरेश्वरनं उरलेल्या पायऱ्यांवर मीठ टाकलं. डबा संपला तसा उलटा करून आपटला. मग म्हणाला, "पाय ओले झाले तुझे. चल."

रविवारी ती खोकत हॉस्पिटलात गेली होती. महामारीमुळं भेटायला कुणाला सोडत नव्हते. एक नर्स तोंडासमोर फोन धरायची आणि मास्कच्या आतून ती बोलायची, ते निम्मं कळायचं नाही. शेवटचं जे कळलं ते असं, "कूलरचं दार नीट लागत नाही. बघा तेवढं." मोरेश्वर म्हणाला होता, "बघतो गं." त्यावर ती आणखी काहीतरी म्हणाली, आणि नर्सनं फोन काढून घेतला.

दिवसकार्य झालं आणि अनीशनं त्याला नेपरव्हिलला नेलं. तिथं खाली गालिचा, वर गालिचा. नात सिया शाळेतून आली की "हाय आजोबा" म्हणायची आणि जिन्यावरून वर जायची. खिडकीतून मागचं लॉन दिसे. दोघं नवराबायको पहिल्यांदा श्रीगोंद्याहून लेकाकडं आले तेव्हा बायकोनं तेच लॉन खणून मेथी टाकली होती. कॉलनीच्या कमिटीनं हरकत घेतली. मग तिनंच चौकशी करकरून शुगर ग्रोव्हच्या पलीकडं वॉल्टर नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याकडून थोडी जमीन खंडानं घेतली. बांधावर गड्याचं जुनं घर होतं, त्यात दोघं राहायला गेली. मोरेश्वर साखर कारखान्यात फिटर होता. पंप, टिलर, ठिबकच्या नळ्या हे त्याचं खातं. माती तिची, माणसंही तिचीच.

मार्चमध्ये त्यानं पिशवी भरली. अनीश म्हणाला, "बाबा, एकट्यानं तिथे काय करणार तुम्ही?"

"लसूण वर आला असेल."

"लसणासाठी जाताय?"

"तिनं लावलाय तो."

लसूण खरंच वर आला होता. ऑक्टोबरात तिनं पाकळ्या टोचल्या होत्या, वर पेंढा पसरला होता. आता बर्फ वितळून पेंढा काळा पडला होता आणि त्यातून हिरवी टोकं निघाली होती. ती दोरी न लावता टोचायची, वीत टाकत टाकत. वीत पडली तिथं पाकळी. टोकाटोकांतलं ते अंतर बघत मोरेश्वर वाफ्याच्या कडेला उकिडवा बसला. तिच्या हाताचं माप जमिनीतून वर आलं होतं. त्याला उठवेना.

शेडमध्ये कूलरचं दार वाजलं. भाजी गार ठेवायची ती मोठी खोली. तिच्या दाराची कडी सैल झाली होती आणि वारा आला की दार आपटायचं. ती भाजी ठेवून बाहेर आली की असंच आपटायचं. मोरेश्वर उठून शेडपर्यंत गेला. आत कुणी नव्हतं. पेचकस भिंतीला टांगलेला होता. कडीचे स्क्रू आवळायला पाच मिनिटं लागली नसती. त्यानं पेचकसाला हात लावला नाही.

आणि मग कामसी आली.

चिखलातून लाल गाडी, काळी उंच पोरगी, डोक्याला बांधलेला पिवळा फडका. ती गाडीशीच उभी राहिली. बोलणं इंग्रजीतच व्हायचं, पण 'काका', 'मावशी', 'जुडी' आणि 'बस झालं' एवढं मराठी तिला बायकोनं शिकवलं होतं.

"काका, मेथी कधी पेरायची?"

"यंदा काय पेरायचं आता?"

"मावशी म्हणायच्या, बोटाला गार लागलं तरी चालेल, बोट आखडायला नको." तिनं वाकून मातीत बोट घातलं. "आखडत नाही."

मोरेश्वरनं बी काढून दिलं.

ही पोरगी आली होती दोन वर्षांपूर्वी, महामारीच्या पहिल्या उन्हाळ्यात. जवळच्या विद्यापीठात ती व्यापार शिकत होती. होस्टेल एका आठवड्यात रिकामं करायला लावलं होतं, आईचं हॉटेलातलं काम सुटलं, वडील आधीच नव्हते. मामाची गाडी घेऊन ती फाटकाशी आली आणि भेंडी आहे का विचारू लागली. एक क्रेट घेतलं, आणि गावात खोल्यांमधून अडकून पडलेल्या पोरांना दारोदार विकलं. आपल्याकडची पोरं भेंडी म्हणून घ्यायची, नायजेरियाच्या पोरी ओक्रा म्हणून. संध्याकाळी दुसरं क्रेट न्यायला हजर. बायको हसत हसत घरात आली होती. "अहो, ही पोरगी आपल्याकडं ठेवून घेऊ. कामसी नाही, कामसू आहे."

मग एक दिवस मामा आला, चिमेझी. शिकागोच्या उत्तरेला त्याचं मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान. बुटका, जाड, लाल टोपी घातलेला. नायजेरियातला इग्बो माणूस, तिथल्या ओनिचाच्या बाजारात वाढलेला. त्यानं शेडमधल्या टेबलावर बशीत एक तांबूस बी ठेवलं, कोला म्हणतात ते. त्यांच्यात ते फोडल्याशिवाय बोलण्याला तोंड फुटत नाही. तो आणि बायको बराच वेळ बोलत होते. मोरेश्वर नळीची गळती काढत होता, त्यालाही बोलावून एक फाक दिली. कडू जहर. त्यानं शेडमागे जाऊन थुंकली. बायकोनं गुळाच्या खड्याबरोबर सगळी चावून खाल्ली आणि पाहुण्याकडं बघून मान डोलावली.

नंतर मोरेश्वरनं बायकोला विचारलं, "काय ठरलं?"

"तीन उन्हाळे आपल्याकडं शिकेल. पगार नाही. मग आपण तिला मार्गी लावायचं."

"पगार नाही? पोरगी फुकट राबणार?"

"फुकट कशी? त्यांची रीत आहे. तुम्हाला नाही कळायची."

एवढंच बोलणं. त्याला नाही कळली, त्यानंही परत विचारलं नाही. पण पगार नाही हे त्याच्या मनात कुसळासारखं राहिलं होतं. कारखान्यात त्यानं जन्मभर पगार घेतला होता.

यंदाचा हा तिसरा उन्हाळा.

जून लागला तशी भेंडी सुरू झाली. पहाटे दव असतानाच तोडायला घ्यायची. पूर्ण बाह्या, तरी मनगटाला खाज. मोरेश्वरच्या बोटांना लव टोचून टोचून बारीक फोड आले. कामसी पलीकडच्या सरीत असायची. बायकोसारखीच ती देठाला नख न लावता मुरगळून तोडायची, तसाच टक आवाज यायचा. मधूनच मोरेश्वरला वाटे, पलीकडे तीच आहे. तो बोलून जाई, "अगं, पाणी पिऊन घे." आणि पलीकडून उत्तर येई, "हो काका." मग तो वाकून सरीच्या टोकापर्यंत तोडत जाई.

बायकोचा फोन तो रोज चार्ज करायचा. ऑर्डरी त्याच्यावरच यायच्या. 'मावशी, चार जुड्या मेथी.' 'मीनाक्षीताई, दोडका आहे का? सुलेखा.' सगळ्यांना कळलं होतं, पण नंबर तिचाच होता, आणि बोटं आपली सवयीनं लिहायची. कामसी उत्तर टाकायची. मोरेश्वर शेजारी उभा राहून बघायचा, निळ्या खुणा आल्या की समोरच्यानं वाचलं. आणि समोरच्याला काय वाटत असेल, आपली ऑर्डर कोणी वाचली म्हणून?

शुक्रवारी शिकागोतल्या डेव्हन ॲव्हेन्यूला, आपल्या लोकांच्या दुकानांत, माल. लावलेल्या गाड्यांच्या बाजूला व्हॅन रस्त्यातच उभी करायची आणि पोलीस यायच्या आत क्रेट उतरवायचे. राजीवचं दुकान सगळ्यांत मोठं. राजीव नागपूरचा, बोलायला गोड.

"या काका. मीनाक्षीकाकूंची भेंडी आली का? कालपासून तीन बायका विचारून गेल्या. काकूंसारखी निवड कुणाची नाही हो."

"तशीच निवडलीय."

"हो, पण काकूंची नजर ती नजर." मग कामसीकडं न बघता, "काका, हिला सांगा क्रेट मागच्या दारानं घे. पुढे कस्टमर आहेत."

बायको असताना कामसी पुढच्या दारानं यायची. बायको तिच्या खांद्यावर हात ठेवून आत शिरायची. मोरेश्वरला हे आठवलं. तोंड उघडावं म्हणून त्यानं ओठ ओले केले. तेवढ्यात राजीव म्हणाला, "काकू गेल्या त्याच्या आदल्या शुक्रवारी इथे, ह्याच जागी उभ्या होत्या. ह्या खुर्चीत बसल्या नाहीत. म्हणाल्या, बसले तर उठणार नाही." मोरेश्वर ऐकत राहिला. अख्ख्या आठवड्यात तिच्याबद्दल कुणी बोललेलं हे एवढंच असायचं. कामसी क्रेट उचलून गल्लीतून मागे गेली. कचऱ्याच्या डब्यांजवळून.

परतीच्या वाटेवर ती म्हणाली, "काका, मला आत तुमच्या शेजारी उभं राहायला पाहिजे."

"पुढच्या वेळी."

"मागच्या वेळीही पुढच्या वेळीच म्हणालात. मागच्या दारात भाव शिकता येत नाही. मागच्या दारात फक्त मांजर असतं."

त्याला हसू आलं. पण पुढच्या शुक्रवारीही ती मागच्या दारानंच गेली.

जुलैत लसणाची पात पिवळी पडायला लागली. खालची पानं वाळली की काढायचा, नाहीतर गड्डे जमिनीत फुटतात आणि सडतात. कामसीनं एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. मोरेश्वर म्हणायचा, "राहू दे अजून." पाऊस पडला. पात आडवी झाली. वॉल्टर म्हातारा ट्रॅक्टरवरून जाताना ओरडला, "मोर, तुझा लसूण मेला." मोरेश्वरनं त्यालाही हात केला.

एका मंगळवारी अनीशनं त्याला डॉक्टरकडं नेलं, ब्लडप्रेशरसाठी. परत यायला दुपार टळली. घराशी उतरला तर शेडमध्ये तारेवर लसणाच्या जुड्या टांगलेल्या, ओळीनं, सावलीत. त्यांचा उग्र वास सगळीकडं. वाफा मोकळा, भुसभुशीत, समतल केलेला. कामसी खणायचा फोर्क धूत होती.

"थोडे सडले," ती म्हणाली. "पण बाकी वाचले. मोठे आहेत, बघा ना."

मोरेश्वर वाफ्याशी गेला. कुठं कुठली पाकळी होती, काही उरलं नव्हतं. दंताळ्याच्या रेघा तेवढ्या. वारा सुटला होता, आणि बऱ्याच वेळानं त्याच्या लक्षात आलं की शेडमधून काही आवाज येत नाही.

"दार?"

"कडी आवळली. मावशींनी मला जानेवारीत टेक्स्ट केला होता, काकांना आठवण कर म्हणून. तुम्ही करेनात, मग मीच केली."

तो तसाच घरात गेला. दुसऱ्या दिवशी बँकेत गेला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी एक जाड पाकीट तिच्या हातात ठेवलं.

"हे काय काका?"

"तुझे कष्ट. पहिल्या दिवसापासूनचे. तासावर धरलेत, चांगल्या दरानं. कुणाचं फुकट नको मला."

तिनं पाकीट उघडलं नाही. दोन्ही हातांत धरून उभी राहिली, गरम भांडं धरावं तसं.

"तुम्ही मला पैसे दिले," ती म्हणाली.

"हो. आता तू मोकळी. माझ्या बायकोच्या वाफ्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, एवढंही ज्याला कळत नाही..."

"मला कळतं. मला मावशींनीच शिकवलं, पात पडली की काढायचा." तिनं पाकीट पुढं केलं. "काका, तुम्ही मला पैसे दिले."

पाकीट टेबलावर ठेवून ती निघून गेली. डोक्याचा पिवळा फडका खुंटीवर तसाच राहिला.

त्या आठवड्यात भेंडी एकट्यानं तोडून झाली नाही. वेळेत न तोडलेली भेंडी जून होते, बोटात मोडत नाही. त्यानं पोतंभर फेकून दिली. सबंध शेतावर आवाज असा नव्हता. दार गप्प. बायको ह्या शेतावरून खरोखरच गेली असं त्याला पहिल्यांदा वाटलं, आणि दुसरं कुणी नव्हतं म्हणून तो कामसीवर चिडत राहिला.

रविवारी चिमेझी आला. लाल टोपी, पॉलिश केलेले बूट, चर्चमधून थेट. ह्या खेपेला हातात बशी नव्हती. टेबलावरच्या पाकिटाकडं त्यानं बघितलं आणि बसायला सांगायच्या आधीच बसला.

"माझी भाची मजूर आहे का?"

"कष्ट केले तिनं. कष्टाचे पैसे दिले. त्यात चूक काय?"

"मजुराचा हिशोब संध्याकाळी संपतो," चिमेझी म्हणाला. "तीन उन्हाळे शिकणाऱ्याचा संपत नाही. तुम्ही तिचे तीन उन्हाळे एका पाकिटात घालून संपवलेत. ती दोन दिवस जेवली नाही. तिची आई मला विचारते, पोरीनं काय चोरलं, म्हणून हाकलली?"

मोरेश्वर पुढं सरकला. "चोरलं? कोण म्हणतं चोरलं?"

"आमच्यात मुदतीच्या आधी पैसे देऊन घालवतात ते चोरालाच."

 मक्यावरून वारा जात होता. मग चिमेझीनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"मी ओनिचाला एका माणसाकडं शिकलो. त्याच्या दुकानात झोपलो, त्याच्या पोरांचे कपडे धुतले. मार खाल्ला. मुदत झाली तेव्हा त्यानं बाजारातली माणसं बोलावली. मला माल दिला. आणि आपली सगळ्यांत चांगली गिऱ्हाइकं हाताला धरून माझ्याकडं आणली. माझं दुकान कुठं? त्याच्यासमोर. त्याचं गिऱ्हाईक माझ्याकडं यायचं आणि तो लोकांना दाखवायचा, हा बघा, माझ्या घरातून निघालेला."

"आपल्या हातानं आपला धंदा दुसऱ्याला?"

"दुसऱ्याला कसा? तुमच्या बायकोला हे एका बैठकीत कळलं. ती म्हणाली, आमच्याकडं लेक सासरी पाठवतात तसं. मी म्हटलं, तसंच."

मोरेश्वरला हे बोलणं ठाऊक नव्हतं. तो तेव्हा नळीची गळती काढत होता.

"द्यायचं काय असतं?" त्यानं विचारलं.

"तुमच्या बायकोनं कबूल केलं ते. डेव्हनची दुकानं, विद्यापीठाची गिऱ्हाइकं, आणि ओढ्याकडची पट्टी कसायला."

"सगळी दुकानं?"

"सगळी."

"मग मी शुक्रवारी कुठं जाऊ?"

हे त्याच्या तोंडून निघालं आणि त्यालाच ऐकू आलं. चिमेझीनं त्याच्याकडं नीट बघितलं. आवाज उतरला त्याचा.

"मालक दुसरं पोर घेतो, नवं शिकवतो. बाजार असाच भरत जातो."

"मला नवं पोर नको."

"मग मला ठाऊक नाही, भाऊ. माझी बायको जिवंत आहे. मी तुम्हाला खोटं काय सांगू?"

पाकीट मोरेश्वरनं परत उचललं. शिकागोला फोन त्यानंच केला. कामसीनं उचलला, पण बोलली नाही. तो म्हणाला, "भेंडी जून व्हायला लागलीय. मला आवरत नाही. पैसे मी परत घेतलेत. चूक झाली."  मग ती म्हणाली, "फडका आहे का माझा तिथं?" "खुंटीवर आहे." सोमवारी लाल गाडी आली. दोघांनी जून भेंडी उपटली, नवी तोडली. लसणाबद्दल कोणी बोललं नाही.

अनीशला सांगितलं तेव्हा तो फोनवर आधी हसलाच. "बाबा, रूट देऊन टाकणार? शी इज अ बिझनेस मेजर. दोन महिन्यांत तुमचीच कॉम्पिटिटर होईल. आणि रिटन काहीच नाहीये ना? सोडा ना आता. इकडे या, आराम करा."

"तुझ्या आईनं शब्द दिलाय."

"आई आता नाहीये, बाबा."

"म्हणूनच तर मला करायचंय."

अनीश मग म्हणाला, "द्यायच्या दिवशी मी येऊ का?" मोरेश्वर म्हणाला, "ये. पायात काहीतरी घालून ये."

सप्टेंबरच्या शेवटच्या शुक्रवारी मोरेश्वर आणि कामसी पुढच्या दारानं राजीवच्या दुकानात शिरले. गर्दी होती. मोरेश्वरनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. हात उंच न्यावा लागला, ती त्याच्याहून उंच. 

"राजीव, इकडं बघ. ही कामसी. आमच्या घरची. तिचं शिकणं पुरं झालं. आजपासून माल हिचा, भाव हिचा. मी येणार नाही."

राजीवनं हातातली पिशवी खाली ठेवली. "काका, तुम्ही या ना हो. म्हणजे ही पण येऊ दे, पण रेट कसं... काकूंच्या नावावर चालतं हो हे सगळं."

"ही तिनंच शिकवलेली आहे."

"नाही, ते ठीक आहे, पण..."

"मागच्या दारानं येणार नाही ती. नको असेल तर सांग, पुढचं दुकान आहे."

राजीव कसनुसं हसला. कामसीकडं पहिल्यांदा नीट बघितलं. "भेंडी कशी दिली?"

तिनं भाव सांगितला. मोरेश्वर लावायचा त्याहून चढा. राजीव म्हणाला, "अरे यार, हे काय?" ती म्हणाली, "दव असताना तोडलेली आहे, दुपारची नाही. मोडून बघा." राजीवनं एक मोडली. टक. मोरेश्वर मसाल्यांच्या रॅककडं तोंड करून उभा राहिला. भाव शेवटी मध्ये कुठंतरी तुटला, तिच्या बाजूला जरा जास्त. निघताना राजीव म्हणाला, "काका, येत जा हो असेच. काकूंच्या गोष्टी करू." मोरेश्वरनं मान हलवली. असंच येणं होत नसतं, हे दोघांना ठाऊक होतं.

सगळी दुकानं अशी झाली. व्हॅनमध्ये बसल्यावर मोरेश्वरनं खिशातून बायकोचा फोन काढला. "हा पण तुझाच. गिऱ्हाइकं ह्यात आहेत." कामसीनं तो घेतला नाही. म्हणाली, "नंबर मी माझ्या फोनवर वळवून घेते. फोन राहू दे तुमच्याकडं." तिनं तिथंच काहीतरी बटणं दाबली. वाटेत हिन्सडेलच्या आसपास कुणाची तरी ऑर्डर आली. ती तिच्या खिशात वाजली.

पहिलं दहिवर पडल्यावर, ऑक्टोबरातल्या एका रविवारी, चिमेझी बशी घेऊन आला. कामसीची आई आली, मोठ्ठा भाताचा डबा घेऊन. अनीश सियाला घेऊन आला. शेडमध्ये बसले. कामसीनं नवा झगा घातला होता आणि सारखी उठून काहीतरी पुसत होती. मोरेश्वरनं ओढ्याकडची पट्टी, क्रेट, जुना तराजू सगळ्यांसमोर तिला दिलं. आईनं डोळे पुसले. सिया अनीशला हळूच म्हणाली, "इज धिस लाइक ग्रॅज्युएशन?" चिमेझीनं ऐकलं. "त्याच्याहून मोठं," तो म्हणाला. "इथं परीक्षा घेणाराच शेवटी आपली गिऱ्हाइकं देतो."

मग तो उभा राहिला. कोला हातात घेतला, ग्लासातलं थोडं पूर्वजांसाठी जमिनीवर सांडलं आणि आपल्या भाषेत बोलू लागला. बराच वेळ बोलला. कामसी मोरेश्वरच्या कानाशी सांगत होती, आता आजोबांना बोलावलं, आता माझ्या वडिलांना. मग चिमेझी थांबला आणि मोरेश्वरकडं वळला.

"शब्द तिनं दिला होता. शब्द पुरा झाला हे ऐकायला तिला बोलवायला पाहिजे. घरच्या माणसानं नाव घेऊन. तुमच्या भाषेतच घ्या. कोलाला इंग्रजी कळत नाही."

सगळे हसले. मोरेश्वर उभा राहिला.

लग्नात बायकांनी दार अडवलं तेव्हा त्यानं ते नाव घेतलं होतं, घाईघाईत, मान खाली घालून. त्यानंतर कधी नाही. अगं, ऐकतेस का, अनीशची आई. घर लहान, हाक मारली की ती यायचीच. हॉस्पिटलात, बँकेत, भटजींपुढं, सगळीकडं नाव अनीशनं सांगितलं होतं. राजीव घेतो, सुलेखा घेते. त्यानं तोंड उघडलं. ओठ मिटले, परत उघडले. नाव घेतलं आणि ती आली नाही, तर?

"बाबा," अनीश म्हणाला, "मी घेऊ का?"

"ज्याचं घर त्यानं," चिमेझी म्हणाला. तो थांबला. ग्लास हातात तसाच होता. शेडच्या दारातून थंड हवा येत होती, भात निवत होता. कामसीच्या आईनं मान खाली घातली. मोरेश्वर उभाच होता, बाजूच्या खुर्चीची पाठ धरून.

शेवटी चिमेझीनं कोला परत बशीत ठेवला.

"आज फोडत नाही," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "पोरीला जे दिलं ते दिलं, ते मागे येत नाही. पण मार्गी लावली असं मी गावाकडं कळवणार नाही. ती तुमच्याच घरची म्हणून माल विकेल, तुम्ही बायकोला नावानं बोलवाल तोपर्यंत. कोला ओल्या फडक्यात ठेवा, टिकतो. जमलं की मला फोन करा."

"मी थांबते काका," कामसी म्हणाली. "काही घाई नाही." पण व्हॅनवर लावायला तिनं स्वतःच्या नावाचा बोर्ड करून आणला होता, तो गाडीच्या मागच्या सीटवर पालथा ठेवलेला मोरेश्वरला दिसला.

सगळे जेवले आणि गेले.

आता पुन्हा बर्फ पडू लागला आहे. शुक्रवारी कामसी साठवणीतला भोपळा आणि लसूण घेऊन डेव्हनला जाते, व्हॅनवर बोर्ड न लावता. मोरेश्वर दर दोन दिवसांनी कोलाचं फडकं ओलं करतो. सकाळी घरात कुणी नसताना तो स्वयंपाकघरात उभा राहतो आणि तोंड उघडून बघतो. चिमेझीला फोन करायचा आहे. अजून केलेला नाही.